दादाच्या डोळ्यांत टिपूस नाही, म्हणजे त्याला दुःख नाही का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई चौतीस वर्षांच्या, माहेर कराडकडचं, सासर पुण्यात. चौदा महिने डायलिसिसवर काढून साडेचार महिन्यांपूर्वी वडील गेले. बाई अजून रोज रडतात, बसमध्ये, आंघोळीला गेल्यावर, भाजी निवडताना. आई रडत नाही. उलट पंधराव्या दिवसापासून पहाटे फिरायला जायला लागली. मोठा भाऊ तेराव्याचं आटोपून दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला आणि वडिलांचा विषय निघाला की उठून जातो. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, 'पोटचा पोर, आणि डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे दगड.' बाईंनी मोबाइलवर दुःखाच्या पाच पायऱ्या वाचल्या आणि त्यांना वाटतंय की दादा पहिल्याच पायरीवर, नाकारण्याच्या, अडकलाय. त्याला मोकळं कसं करायचं आणि आईचं हे वागणं बरोबर आहे का, असं त्यांचं विचारणं आहे.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना दोन ठिकाणी थांबले. सुरुवातीला तुम्ही लिहिलंय की बाबांना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यायचं काम दादाकडे होतं. आणि बरंच पुढे, तक्रारीच्या सुरात लिहिलंय, 'ऑफिसातून लवकर येतो तेसुद्धा मंगळवारी-शुक्रवारीच, आणि आला की कोणाशी न बोलता पडवीत बाबांची जुनी चेतक खोलून बसतो. ती सहा वर्षं बंद पडलीय, चालवणारं कोणी नाही.'

ही दोन वाक्यं एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा.

चौदा महिने, आठवड्यातून दोनदा, म्हणजे सव्वाशेच्या आसपास फेऱ्या. डायलिसिसच्या खोलीबाहेर बसणारी माणसं मी नोकरीत वर्षानुवर्षं बघितली आहेत. आत नेताना वजन, बाहेर आणताना वजन, मधले चार तास बाकड्यावर. काल पाणी किती प्यायलात यावरून दबक्या आवाजात वादावादी. शेवटी सुया काढल्या की त्या जागी कापसाचा बोळा दाबून धरायचा, रक्त थांबेपर्यंत, आणि ते काम पुष्कळदा घरच्याच माणसाकडे येतं. तुमच्या दादाच्या बोटांना मंगळवारी दुपारी काहीतरी घट्ट धरून बसायची सवय लागलीय. आता ती पाना धरतात.

हा माझा अंदाज आहे, मी त्याला भेटलेले नाही. पण चोवीस वर्षं हेच काम करतेय. आधी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात सोशल वर्कर म्हणून, आता स्वतःच्या एका खोलीत. अंदाज फार चुकीचा नसावा.

शोकाच्या अभ्यासकांमध्ये केनेथ डोका आणि टेरी मार्टिन ही एक अमेरिकी जोडी आहे. माणसं दुःख कोणत्या धाटणीने करतात यावर त्यांनी काम केलं. त्यांच्या मांडणीत एका टोकाला असतात भावनेच्या वाटेने जाणारे. आतून उमाळा येतो, तो रडण्यातून, बोलण्यातून बाहेर पडतो, चार माणसांपाशी सांगितलं की जीव हलका होतो. तुम्ही त्यातल्या. दुसऱ्या टोकाला असतात कृतीच्या वाटेने जाणारे. त्यांना उमाळा येण्याऐवजी बेचैनी येते, हात शिवशिवतात, डोक्यात एकच गोष्ट घोळत राहते, आणि काहीतरी करायला घेतलं की जरा ठिकाणावर येतात. बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात आणि आयुष्यात पुढेमागे सरकतही असतात. बायका रडतात आणि पुरुष कामाला लागतात, इतकं सरळ हे नाही. तसा कल दिसतो खरा, पण उलटी उदाहरणं माझ्यासमोर इतकी आली आहेत की मी ते गृहीत धरणं कधीच सोडून दिलं.

सोडून देण्याआधी एक चूक केली होती, ती सांगते. (पुढची माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत.) नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. पन्नाशीचे एक शेतकरी पोटदुखीची तक्रार घेऊन आले होते. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. बोलता बोलता कळलं की सात महिन्यांपूर्वी एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीत बुडून गेला. ते हे सांगत होते ते पावसाचं सांगावं तसं. मी नवशिकी, पुस्तकं ताजी. मला वाटलं, हाच तो दाबलेला शोक, हाच पोटात दुखतोय. मी त्यांना म्हटलं, 'मोकळे व्हा, इथे कोणी बघत नाही, रडा.' तेही एकदा नाही, तीन-चारदा. ते मान खाली घालून बसले, 'बरं बाई' म्हणाले आणि गेले. परत आले नाहीत.

दोनेक वर्षांनी त्यांची बायको साखरेच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा मला भेटली. म्हणाली, विहिरीला लोखंडी जाळी बसवली मालकांनी. मग भावकीतल्या विहिरींना बसवली. मग वाडीतल्या. स्वतः वेल्डिंग शिकले, लोखंडाला पैसे देईल त्याचे घ्यायचे, नाही देईल त्याला पदरचे. अकरा झाल्या होत्या तोवर. मी विचारलं, आणि पोट? ती म्हणाली, 'कुणाचं?' तिला आठवतच नव्हतं.

त्या माणसाला माझ्या खोलीत रडायचं काहीच कारण नव्हतं. मी मात्र त्याला माझ्या पद्धतीचं दुःख करायला लावत होते, आणि तुमची आत्या सध्या दादाला तेच करतेय.

आता उलट उदाहरण. एका शाळेतल्या बाई, नवरा अपघातात गेला. तेराव्यानंतर लगेच त्यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. पंचनामा, एफआयआर, पगारपत्रकं, विम्याचा दावा. सासरचे म्हणाले, हिला पैशाचीच पडलीय. दावा सहा वर्षं चालला, एक तारीख त्यांनी चुकवली नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागला, त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांना उठवेना. माझ्याकडे आणलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'इतके दिवस मी त्यांचंच काम करत होते, आता कोणाचं करू?' सहा वर्षं ती फाइल म्हणजे नवराच होता.

ही गोष्ट दादासाठी लक्षात ठेवा. कृतीने दुःख करणाऱ्याची खरी अवघड वेळ पुष्कळदा काम संपतं तेव्हा येते. ती चेतक ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी आणि त्यानंतरच्या आठवड्यात घरी कोणीतरी असावं, जमलं तर तुम्ही.

डोका-मार्टिन यांनी आणखी एक प्रकार नोंदवलाय, आणि काळजी त्याची करायची असते. आतून रडू कोसळतंय, पण 'घरात आता मीच मोठा' म्हणून ते रोज गिळायचं. आत एक, बाहेर एक. दादा त्यातला आहे की नाही हे ओळखायची माझी साधी पद्धत आहे. स्कूटरवरून उठल्यावर तो कसा असतो? जेवतो का, पोरांशी दोन शब्द बोलतो का, झोपतो का? तसं असेल तर त्याचं दुःख त्याच्या वाटेने चाललंय. पण उठल्यावर चिडचिड वाढते, दारू सुरू झालीय, रात्री दोनला गच्चीत फेऱ्या मारतो, असं असेल तर वेगळं बोलावं लागेल. पत्रावरून तरी मला तसं दिसत नाही. शुक्रवारी रात्री पोराला गोष्ट सांगतो असं तुम्हीच लिहिलंय.

पाच पायऱ्यांचं एकदा नीट सांगते, कारण हल्ली माझ्याकडे येणारे निम्मे लोक त्या पायऱ्यांवर स्वतःला नाहीतर दुसऱ्याला उभं करूनच येतात. नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार, ही मांडणी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या 1969 सालच्या पुस्तकातली. शिकागोतल्या रुग्णालयात जी माणसं स्वतः मरणाच्या दारात होती त्यांच्याशी बोलून त्यांनी ती केली. मागे राहिलेल्यांवर नव्हे, जाणाऱ्यांवर. पुढे ती घटस्फोटापासून नोकरी जाण्यापर्यंत सगळ्याला लावली गेली. बाईंचं काम मोठं होतं. डॉक्टर मंडळी रुग्णाशी मरणाबद्दल बोलतच नसत त्या काळात त्यांनी ते बोलणं सुरू केलं. पण पहिली पायरी झाली, दुसरी राहिली, असं मागे राहिलेल्या माणसांत घडत नाही. राग कोणाला येतच नाही, कोणाला तीन वर्षांनी येतो. ज्याने बापाची डायलिसिसची फाइल तारखेवार लावून ठेवली, पिंडदान केलं, मृत्यूचा दाखला आणला, बँकेतलं नाव बदललं, तो मरण नाकारतोय म्हणायचं तर तुम्ही आणि मी काय करतोय?

मला जास्त पटतं ते 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी मांडलेलं. त्यांचं म्हणणं असं की दुःखातल्या माणसापुढे दोन कामं असतात. एक गेलेल्या माणसाचं: आठवणं, रडणं, फोटो बघणं, जीव तुटणं. दुसरं मागे उरलेल्या आयुष्याचं: गॅसचा नंबर लावायला शिकणं, लाइटबिल भरणं, 'आता मी विधवा' किंवा 'आता मी घरातला कर्ता' हे अंगवळणी पाडणं. माणूस या दोन्हींमध्ये हेलकावे खात राहतो, कधी एकाच तासात. आणि हे हेलकावे खाणंच प्रकृतीचं लक्षण. सतत पहिल्यातच बुडून राहणं अवघड आणि सतत दुसऱ्यातच पळत राहणंही अवघड. दुःखातून सुट्टी घेणं हा भावनाशून्यपणा नाही. आईचं पहाटेचं फिरणं मी त्यात धरते.

आईबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. चौदा महिने त्यांनी मोजून पाणी दिलं, पालेभाजी दोनदा उकळून पाणी टाकून दिलं, मीठ बंद म्हणून स्वतःही अळणी जेवल्या. रात्री श्वास नीट चाललाय ना ते बघायला उठल्या. एवढ्या लांबच्या आजारपणानंतर मागे राहिलेल्या जोडीदाराला पहिली गोष्ट जी वाटते ती पुष्कळदा सुटका. 'सुटले बिचारे' असं आपण म्हणतो ते गेलेल्याबद्दल. 'सुटले मी' असं म्हणायची सोय नाही. जॉर्ज बोनॅनो यांच्या गटाने अमेरिकेत ज्येष्ठ जोडप्यांना मृत्यूच्या आधीपासून गाठून पुढे काही वर्षं पाहिलं, त्यात काही जणांची खिन्नता जोडीदार गेल्यावर कमी झालेली आढळली. म्हणून आईचं बाबांवर प्रेम कमी होतं असं नाही. आईला झोप मिळू लागलीय, पाय मोकळे होतायत, आणि त्याची आत कुठेतरी लाजही वाटत असणार. फिरायला जाण्यावरून घरात कोणी काही बोललं तर ती लाज दुप्पट होईल, म्हणून तेवढं थांबवा.

शिवाय आई रडत नाही हे तुम्हाला कसं माहीत? ती तुमच्यासमोर रडत नाही. तुम्ही गेलात की तिला तुम्हालाच सावरावं लागतं. आत्या असली की रडण्याची जागा आत्याने घेतलेली असते. पहाटे साडेपाचला रस्त्यावर कोण असतं?

तुम्ही घाबरून लिहिलंय की आई अजून दोन कप चहा करते, दुसरा गार झाला की बेसिनमध्ये ओतते, आणि परवा म्हणाली की ह्यांचा खोकला ऐकू आला. याला भास म्हणून घाबरू नका. डेवी रीस नावाच्या वेल्समधल्या एका डॉक्टरने आपल्या भागातल्या जवळपास तीनशे विधवा-विधुरांना गाठून विचारलं आणि 1971 मध्ये ते छापलं. सुमारे 47 टक्के लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा भासला होता, दिसला किंवा ऐकू आला होता. बहुतेकांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. पुष्कळांना त्याचा आधारच वाटत होता. मी माझ्याकडच्या लोकांना विचारते तेव्हा सुरुवातीला 'नाही नाही' म्हणतात, मग उठता उठता दारात थांबून सांगतात.

गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतलं की शोक संपला, असं मानसशास्त्रात बराच काळ मानलं जायचं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्या 1917 सालच्या लेखाचा तो वारसा. गंमत म्हणजे त्याची स्वतःची मुलगी सोफी 1920 मध्ये फ्लूच्या साथीत गेली, आणि नऊ वर्षांनी, ज्याचा मुलगा वारला होता अशा एका मित्राला पत्र लिहिताना तो वेगळंच बोलतो: ही जागा कशानेही भरत नाही, भरली तरी ते काहीतरी दुसरंच असतं, आणि तसंच ते असायला हवं. 1996 मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार पुढे नेला. नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, असं त्यांनी मांडलं. पितरपाटात पानावर वडलांच्या आवडीची अळूची भाजी वाढणाऱ्या आपल्या लोकांना यात नवं काही वाटणार नाही.

मात्र आपल्याकडच्या विधवेच्या दुःखावर आणखी एक ओझं असतं, ते वेल्समध्ये नव्हतं. दहाव्याला आईच्या बांगड्यांचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी विचारत नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तोच कित्ता गिरवा असं परिपत्रक सगळ्या ग्रामपंचायतींसाठी काढलं. ठराव झाला म्हणून हात थांबतात असं नाही, पण निदान 'आमच्यात असं असतं' याला उत्तर मिळालं. मी हे इथे आणते कारण पुष्कळ बायका मला सांगतात की नवरा गेल्याचं आठवत नाही इतकं त्या दगडावर हात धरल्याचं आठवतं. आई रडत नसेल तर ती कशाबद्दल गप्प आहे, हे आपल्याला वाटतं तेवढं सोपं नसतं.

आता तुम्ही. पत्रात सगळ्यांबद्दल आहे, तुमच्याबद्दल पहिल्या दोन ओळी.

आपले तेरा दिवस हुशारीने रचलेले आहेत, असं माझं मत आहे. मी धार्मिक बाई नाही. पण चूल बंद, शेजारून पिठलं-भाकरी येणार. येणारा प्रत्येक जण 'कसं झालं' विचारणार आणि ती हकीगत इतक्यांदा सांगितली जाणार की सांगणाऱ्याच्या डोक्यात ती घट्ट बसते. तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं, दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघत उभं राहायचं. कावळा शिवेना म्हणून कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं आणि 'आईची काळजी करू नका, मी बघतो' असं मोठ्याने म्हणतं. घरातला जो माणूस एरवी असं वाक्य जन्मात बोलणार नाही, तो ते बारा-पंधरा लोकांसमोर बोलतो. तुमच्या दादाने काय म्हटलं होतं, आठवतं का? की तुम्ही घाटावर नव्हतात?

बहुधा नव्हतात. कारण या तेरा दिवसांत मुलाला काम असतं. मडकं, डोकं भादरणं, पिंड, सगळं त्याच्याकडे. लेकीला चहा करायचं काम असतं. आणि लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस. भावाला दहा, तुम्हाला तीन! मग चौदाव्या दिवशी तुम्ही अशा घरात परत गेलात जिथे टीव्ही चालू होता, कोणाचे वडील गेलेले नव्हते, आणि डबे करायचे होते. सासरच्यांची चूक आहे असं नाही. त्यांच्यासाठी ते 'हिचे वडील' होते. पण साडेचार महिने तुम्ही आंघोळीच्या पाण्याच्या आवाजात रडताय याचं कारण मला इथे दिसतं. ज्याला समाज पुरता मान देत नाही अशा दुःखावर केनेथ डोका यांनी 1989 पासून लिहिलंय. गर्भपात झालेली बाई, घटस्फोटानंतर पहिला नवरा गेलेली, जिचं नातं कोणाला सांगता आलं नाही ती, तीस वर्षं एकाच घरी काम करून त्या घरची आजी गेल्यावर तिसऱ्या दिवशी भांड्यांना हजर झालेली मावशी. लग्न झालेली लेक या यादीत त्यांनी घातलेली नाही; ती मी घालते.

तेव्हा दादाचा तुम्हाला येणारा राग थोडा तपासून बघा. तो रडत नाही म्हणून राग येतोय, की शेवटच्या सव्वाशे फेऱ्यांत तो बाबांबरोबर होता आणि तुम्ही पुण्यात होतात म्हणून? कठोर वाटलं तर माफ करा. भावंडांची भांडणं मी खूप पाहिलीत, आणि वरवर ती 'कोण रडलं' यावर असली तरी खाली पुष्कळदा 'कोण तिथे होतं' हे असतं.

आत्यावर फार चिडू नका. तिचा भाऊ गेलाय. ती ज्या पिढीतली आहे तिथे मयताच्या घरी शिरताना उंबऱ्यापासून हेल काढायचा, गेलेल्याचे गुण एकेक करून सांगत रडायचं, हे बायकांकडचं कसब होतं. तिला दुसरी भाषा कोणी शिकवली नाही. दादाला दगड म्हणते तेव्हा तिला बहुधा असं वाटत असतं की माझ्या भावासाठी मी एकटीच रडतेय. तिच्याजवळ बसून तुम्ही रडलात तर तिचं दादावरचं लक्ष आपोआप कमी होईल. तुमच्या दोघींची वाट एकच आहे.

दादाच्या मुलाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की तो खेळता खेळता 'आजोबा कधी येणार' विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पळून जातो. साडेपाच वर्षांचा आहे, या वयात मरण म्हणजे कायमचं हे अजून नीट बसलेलं नसतं. मुलं दुःख असंच करतात, तुकड्यातुकड्याने. 'झोपले' किंवा 'गावाला गेले' सांगू नका, मग ती झोपायला घाबरतात. आजोबांचं शरीर चालायचं थांबलं, ते परत येणार नाहीत, आपण त्यांच्या आठवणी काढू. विचारेल तितक्यांदा हेच सांगायचं.

आता काळजी कधी करायची ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, 'प्रदीर्घ शोक' हा वेगळा आजार म्हणून आलाय. त्यात किमान सहा महिन्यांची अट आहे, आणि जनरीत त्याहून लांबचा दुखवटा पाळत असेल तर तोही धरायचा असं म्हटलंय. अमेरिकी मानसोपचार संघटनेने त्याच वर्षी मोठ्या माणसांसाठी बारा महिने धरले. साधारण दहात एकाच्या आसपास शोक असा अडकतो. खूण नुसतं रडणं ही नव्हे. दिवसाचा बराचसा वेळ फक्त गेलेल्याची ओढ, आपलाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, घर-काम-माणसं यांपैकी काहीच हातात न धरता येणं, आणि महिन्यांमागून महिने यात फरकच नाही. साडेचार महिन्यांत तुमच्या घरी कोणीही तिथे नाही, तुम्हीसुद्धा. पण तुमचं रडणं पुढच्या काही महिन्यांत थोडंही सैल पडलं नाही तर कोणालातरी भेटा. यासाठीचं समुपदेशन वेगळं असतं आणि त्याचा उपयोग होतो.

शरीराकडे मात्र सगळ्यांनी आत्तापासून बघा. आपल्याकडे शोक दवाखान्यात येतो तो 'डोकं जड होतंय', 'छातीत धडधडतं', 'मुंग्या येतात' असं म्हणत. आणि ते नुसतं मनाचं नसतं. 1969 मध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्समधल्या पंचावन्नच्या पुढच्या साडेचार हजार विधुरांची नोंद तपासली, तर बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांतलं त्यांच्या मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा 40 टक्के जास्त निघालं, आणि त्यात हृदयविकार मोठा. आईचं बीपी बघा. ती स्वतःच्या गोळ्या घेते का, ते विचारा. चौदा महिने दुसऱ्याच्या गोळ्या सांभाळणाऱ्या बायका स्वतःच्या हमखास विसरतात. आणि घरात कोणीही 'त्यांच्यामागे मलाही जायचंय' असं बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दादाचं शेवटी. त्याला मोकळं कसं करायचं, असं तुम्ही विचारलं होतं. करू नका. 'तुला काय वाटतंय' असंही विचारू नका, तो उठून जाईल. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी फोन करा आणि स्कूटरबद्दल विचारा. कार्बोरेटर साफ झाला का, प्लगला ठिणगी येते का, टाकीत गंज किती. जुन्या चेतकच्या क्लचची वायर कुठे मिळते, हे पुण्यात शोधून देऊ का विचारा. तुम्हाला आठवतं का, बाबा ती सुरू करायच्या आधी डावीकडे की उजवीकडे तिरकी करायचे? नसेल आठवत तर तेच विचारा, तो सांगेल. तो किती वेळ बोलतो बघा. बाबांचं नाव त्याने घेतलं नाही तरी चालेल.

जमलं तर एखाद्या शुक्रवारी जा आणि नुसत्या पडवीत बसा. पाना द्या, फडकं द्या.

आणि आईचा दुसरा कप. गार व्हायच्या आत एकदा विचारा, 'आई, हा मी घेऊ का?' नाही म्हणाली तर राहू द्या.